भूकंपाचा पाय

आईसाठी चपला घ्यायच्या म्हणजे बाबा एकाच रंगाचे दोन जोड आणायचे, एक लहान मापाचा आणि एक मोठ्या मापाचा. त्यातली डावी लहान आणि उजवी मोठी आई घालायची. उरलेली डावी मोठी आणि उजवी लहान पलंगाखालच्या पोत्यात जायची. नव्याकोऱ्या चपला टाकून द्यायला तिचा जीव होत नसे. दुकानदारानं विचारलंच तर बाबा सांगायचे, "घरात दोघी बहिणी आहेत, दोघींना सारख्याच लागतात." मी शेजारीच उभा असायचो. खोटं बोलताना बाबांचा चेहरा इतका प्रामाणिक दिसायचा की आपल्याला एखादी मावशी आहे आणि ती कुठंतरी राहते, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

तेव्हा आम्ही नांदेडला होतो. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. गोदावरीकडे उतरणाऱ्या एका वस्तीत भाड्याचं घर, मागं उघडी नाली. संध्याकाळ झाली की डास इतके यायचे की बोलायला तोंड उघडावं तर एखादा आत जायचा. आईला दर काही महिन्यांनी हुडहुडी भरून ताप येई. जांघेत अवधाणाची गाठ यायची, उजवा पाय लाल होऊन रसरसायचा आणि तिला गोधडीत गुंडाळून ठेवावं लागायचं. हा अमावस्या-पुनवेचा ताप आहे, असं शेजारणी म्हणायच्या. ताप उतरायचा, पण जाताना थोडी सूज मागं ठेवून जायचा. आधी घोटा दिसेनासा झाला, मग पोटरी आणि घोट्यातला फरक गेला.

हे काय आहे ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याचा एक पाय तसाच होता. तो स्टुलावर पाय ठेवून बसायचा आणि पोरं त्याला 'हत्ती' म्हणून हाक मारून पळायची. आमच्या घरात मात्र 'हत्तीपाय' हा शब्द उच्चारायला बंदी होती. बाबांच्या मते तो रोग घाणेरड्या लोकांना होतो, रक्तातून पोरांत उतरतो, आणि एकदा नाव लागलं की त्या घरात कुणी मुलगी देत नाही की घेत नाही. त्यांनी आईला डॉक्टरकडं नेलं नाही. त्यांनी बदलीचा अर्ज केला. लातूरची हवा चांगली, असं ते सगळ्यांना सांगत होते. लातूरला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, हे ते सांगत नव्हते.

लातूरला आलो आणि आई गौरी-गणपतीला माहेरी गेली. तिचं माहेर औशाच्या पलीकडचं एक खेडं. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जाड माळवद, अशी सगळी घरं. विसर्जन करूनच येते म्हणून ती राहिली आणि विसर्जनाच्या रात्रीच, पहाटे, भूकंप झाला. लातुरात आमची भांडी पडली, भिंतीला चीर गेली, आम्ही रस्त्यावर धावलो. उजाडल्यावर बाबा मला घेऊन निघाले. औशापर्यंत एसटी मिळाली, पुढं एका ट्रकवर चढलो, शेवटी चालत गेलो. गावात गाव नव्हतं. दगडांचे ढीग होते आणि त्या ढिगांवर माणसं हातांनी उकरत होती. मी लहान होतो, तरी बाबांनी माझे डोळे झाकले नाहीत. त्यांचं स्वतःचंच भान गेलं होतं.

आई जिवंत होती. एका झाडाखाली बसली होती, सुजलेल्या पायावर दगड पडून कातडी फाटली होती. तिच्या शेजारी मामा बसला होता आणि मामाच्या समोर चादरीखाली मामी होती. मामी बाहेर काढली तेव्हा गेलेलीच होती. मामा रडत नव्हता. तो मामीच्या चादरीवरची माती पुन्हा पुन्हा झटकत होता.

दुपारनंतर मदतीच्या तंबूत आईच्या पायाला बँडेज बांधताना तिथल्या डॉक्टरनं पाय जरा वेळ निरखून पाहिला. तो बाहेरगावचा होता, अंगावरचा शर्ट घामानं भिजलेला. त्यानं विचारलं, "एवढी सूज कधीपासून आहे?" आईनं तोंड उघडलं. तिच्या आधी बाबा बोलले, "आत्ताच. दगड पडला ना पायावर." डॉक्टरच्या मागं रांग होती, विव्हळणारी माणसं होती. त्यानं मान हलवली आणि पट्टी बांधली. मामा तंबूच्या दाराशी उभा होता, त्यानंही ऐकलं. तिथून आईचा पाय भूकंपाचा झाला.

हे खोटं फार सोयीचं निघालं. हत्तीपायाच्या बाईकडं लोक नाक मुरडून बघतात, आणि भूकंपात पाय गेलेल्या बाईला उठून खुर्ची देतात. बाबा गोष्टीत रंगायला लागले. पहिल्या वर्षी दगड होता, मग त्या दगडाची तुळई झाली. मग आई तुळईखाली रात्रभर अडकून पडली. पुढं पुढं तिनं ढिगाऱ्यातून एक तान्हं मूल ओढून काढल्याचं आलं, आणि एकदा तर पाहुण्यांपुढं ते मूल म्हणजे माझी धाकटी बहीणच असल्याचं त्यांनी सांगून टाकलं. बहीण तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पाहुण्यांनी तिला जवळ घेऊन कुरवाळलं. ती हसली, मीही हसलो. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

मामा मात्र आमच्याकडं यायचा बंद झाला. शेवटचा आला तेव्हा बाबांची ही गोष्ट त्यानं बसून ऐकली, चहा न पिताच उठला, आणि दाराशी आईला म्हणाला, "अक्का, तुझा पाय बरा व्हावा असं मला लई वाटतंय. पण भूकंप तुझा न्हाई. भूकंप माझा हाय." आईनं त्याला अडवलं नाही. पुढं कित्येक वर्षं भाऊबीजेचा फराळ ती त्याला एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवत राहिली.

मग लातुरात क्लासचे दिवस आले. बारावीच्या निकालात लातूरचं नाव गाजायला लागलं आणि लोहा, निलंगा, देगलूर, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन उतरायला लागले. आमच्या गल्लीत घराघरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या. आम्हीही वर खोल्या बांधल्या, मुलींना ठेवलं आणि आईनं मेस सुरू केली. पहाटेच्या बॅचच्या मुलींना डबा, दुपारी जेवण, रात्री जेवण. ती दिवसभर ओट्याशी उभी असायची. दुपारपर्यंत पाय टम्म व्हायचा, बँडेजच्या वरच्या कडेला मांस फुगून येई. बँडेज ती सोडतच नसे. भूकंपाचा पाय म्हटल्यावर बँडेज हवंच. आत बोटांच्या बेचक्यांत सडलेलं असायचं, त्याचा वास येऊ नये म्हणून ती वरून पावडर टाकायची.

पोरींना ठेवायला आलेले आईबाप तिच्या पायाकडं बघून थांबायचे. बाबा पुढं व्हायचे, "आमच्या हिचा पाय भूकंपात गेला बघा." लगेच चेहरे बदलायचे. एका बापानं तर वाकून तिला नमस्कार केला होता. अशा बाईच्या हातचं आपली मुलगी जेवणार याचं त्याला समाधान वाटलं. खरं कळलं असतं तर तोच बाप बॅग उचलून दुसऱ्या गल्लीत गेला असता, हेही तितकंच खरं, आणि बाबांचा सगळा हिशोब त्यावरच उभा होता.

संध्याकाळी वरच्या खोल्यांतून पाठांतराचा आवाज यायचा. जीवशास्त्राच्या धड्यात हा रोग होता. डास चावतो, जंतू अंगात शिरतात, त्यांचे धाग्यासारखे बारीक किडे होतात, लसिकावाहिन्यांत राहतात, पाय सुजतो. पोरी हे मोठमोठ्यानं म्हणायच्या आणि खाली त्या पायावर उभी राहून आई त्यांच्या पोळ्या लाटायची. दरवर्षी नवी बॅच आणि तेच पाठांतर. त्यातल्या कित्येक जणी डॉक्टर झाल्या, एक-दोघी पेढे घेऊनही आल्या. आईच्या पायाकडं त्यांनी कधी डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं नाही, कारण तो भूकंपाचा पाय आहे हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. एकदा मात्र एक मुलगी पुस्तक उघडं टाकून जेवत होती आणि आई भाजी वाढायला वाकली. त्या पानावर असल्याच पायाचं चित्र होतं. मुलीनं एकदा चित्राकडं, एकदा आईच्या पायाकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. पुढच्या महिन्यात तिनं जागा बदलली. कारण विचारलं तर म्हणाली, क्लास लांब पडतो. क्लास दोन गल्ल्या सोडून होता.

याच काळात वर्षातून एकदा आरोग्य खात्याचे लोक दारावर गोळ्या घेऊन यायला लागले. सगळ्यांनी खायच्या, रोग असो वा नसो, असं ते सांगायचे. बाबा त्यांना हसतमुखानं बसवायचे, घरातली आणि वरची माणसं मोजून गोळ्या घ्यायचे, "जेवण झाल्यावर देतो सगळ्यांना" म्हणायचे. ते दारावर खडूनं खूण करून गेले की बाबा गोळ्या मोरीत टाकायचे. ते असं का करायचे हे मला आजही पूर्ण समजलेलं नाही. कदाचित ती गोळी गिळणं म्हणजे आमच्यात तो रोग आहे असं कबूल करणं, असं त्यांना वाटत असेल. गोळ्या विरघळायच्या आणि मोरीचं पाणी मागच्या नालीत जायचं. मेसची खरकटी भांडी धुतलेलं पाणीही तिथंच जायचं, साचायचं, आणि त्यावर डास पैदा व्हायचे. तेच डास आईला चावायचे, वरच्या पोरींना चावायचे, आणि माझ्या बहिणीलाही.

बहीण अकरावीला क्लासला जायला लागली तेव्हा मी नांदेडला नोकरीला होतो. शनिवारी घरी यायचो. एका शनिवारी ती चटाचटा पायऱ्या उतरून बाहेर निघाली, आणि ओसरीत तांदूळ निवडत बसलेली आई एकदम म्हणाली, "थांब. पायात काय घातलंस?"

बहीण थांबली. तिच्या पायात आईच्या पलंगाखालच्या पोत्यातल्या चपला होत्या. डावी मोठी आणि उजवी लहान.

"माझ्या चपला तुटल्या म्हणून घातल्या," ती म्हणाली.

"बसतात?"

बहिणीनं डावा पाय उजव्यामागं घेतला. आईनं सूप बाजूला ठेवलं, सरकत सरकत तिच्यापर्यंत गेली आणि तिची सलवार वर केली. डाव्या पायाचा घोटा दिसत नव्हता. आईनं अंगठ्यानं दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. आई त्या खड्ड्याकडं बघत राहिली. आयुष्यभर टाकायला जीव होत नव्हता त्या चपला अशा कामाला आल्या होत्या. मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन पाणी प्यालो आणि परत आलो तेव्हाही त्या दोघी तशाच होत्या.

बहिणीला सगळं माहीत होतं. तिच्याही पुस्तकात तो धडा होता. महिनाभर आधी तिनं ते पान बाबांपुढं धरलं होतं. बाबांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पुस्तकातलं परीक्षेत लिहायचं असतं. तुझा पाय मुरगळलाय." आणि तिला एका हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं गरम तेलानं पाय इतका रगडला की आठवडाभर तिला ताप होता. हे सांगताना ती रडली नाही. "दादा, मी तर भूकंपात नव्हते रे," एवढंच म्हणाली.

खरी अडचण तीच होती. आईसाठी भूकंप होता, हिच्यासाठी काहीच नव्हतं. मी बाबांशी भांडलो. आई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरीला दवाखान्यात न्या." बाबा ओरडले नाहीत. माझं लग्न ठरलं होतं, मुलगी नांदेडची. ते शांतपणे म्हणाले, "एवढं लग्न उरकू दे. आत्ता बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल. मग नेऊ." मी म्हटलं, मी गुपचूप नेतो. तर म्हणाले, लातुरात गुपचूप काही राहत नाही, आणि नांदेडात तर सासरच आहे. आईनं विचारलं, "लग्न झाल्यावर नक्की?" बाबा म्हणाले, "तिची परीक्षा तोंडावर येईल. परीक्षा झाली की नक्की." आई त्यांच्याकडं बघत राहिली. परीक्षेनंतर काय, ते तिला आत्ताच दिसलं असणार. परीक्षेनंतर मुलीचं लग्न. मुलीच्या लग्नानंतर सासरचे लोक. तिचा स्वतःचा पाय असाच तर वाढला होता.

लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होतं. आमच्याकडं मुलीची आई मुलाच्या आईचे पाय धुते. पाटावर बसवायचं, परातीत पाय ठेवायला लावायचं, कोमट पाणी ओतायचं, हळद-कुंकू लावायचं. बाबांना याची आधीपासून धास्ती होती. बोलणी चालू असतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "आमच्यात ही पद्धत बंद केलीय, आम्ही सुधारक आहोत." पण इतकी वर्षं त्यांनी पेरलेली गोष्ट नांदेडपर्यंत उगवली होती. माझ्या सासूबाई धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, शेतातल्या कामाची सवय असलेल्या. त्या मांडवातच म्हणाल्या, "तुमच्यात नसंल, आमच्यात हाय. भूकंपातून उठून उभी राहिलेली बाई हाय ही. तिचे पाय धुवायला मिळायलेत, अन् मी सोडते व्हय?" बायकांनी आईला धरून पाटावर बसवलंही.

बाबा पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत येत होते, तोवर सासूबाईंनी बँडेजची पिन काढली होती. शेजारी माझी बहीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वरमाईच्या बाजूनं कुणीतरी तांब्या धरायचा असतो.

बँडेज सुटत गेलं आणि बायकांचं बोलणं मंदावत गेलं. पाय घोट्यापासून बोटांपर्यंत एकच झाला होता, कातडी जाड आणि काळवंडलेली, मध्ये खोल वळ्या, आणि बोटांच्या बेचक्यांत पांढरट ओल. वास आला. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. आईनं डोळे मिटून घेतले होते. त्या क्षणी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि आईला काय वाटत असेल या विचारानं आणखीच.

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. आवाज मोठा असलेली ती बाई अगदी हळू म्हणाली, "विहीणबाई, हे भूकंपाचं न्हाई."

आई डोळे मिटूनच होती.

"माझ्या आईचा अस्साच होता," सासूबाई म्हणाल्या. "पाणी लागू देत नव्हती. कुणाला दिसंल म्हणून धुतच नव्हती. त्यातच गेली." आणि मग त्यांनी पाय परातीत घेतला. रीत म्हणून चार चुळके पाणी ओतून मोकळं व्हायचं असतं. त्यांनी साबण मागवला. प्रत्येक वळी बोटांनी उघडून धुतली, बोटांच्या मधली जागा धुतली, आणि आम्हाला द्यायला आणलेला नवा टॉवेल फाडकन उघडून पाय पुसायला घेतला. इतक्या वर्षांत त्या पायाला आईशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आई रडायला लागली. मोठ्यानं, तोंड झाकायचंही तिला सुचेना.

मग तिनं डोळे उघडले, शेजारी उभ्या असलेल्या बहिणीच्या शालूची कड धरली आणि तेवढ्या बायांच्या समोर वर केली.

"हिचाबी बघा," आई म्हणाली. "हिचा आत्ता सुरू व्हायलाय. हिला माझ्यासारखं होऊ द्यायचं न्हाई मला. हत्तीपाय हाय आमच्या घरात."

बहिणीच्या हातातला तांब्या परातीत पडला. मांडवात इतकी माणसं होती आणि त्यातली निम्मी लग्नाच्या मुली हेरायला आलेली. बाबा पोचले होते. ते हसल्यासारखं करत म्हणाले, "अहो, ती भ्रमिष्टासारखं काहीही बोलते. भूकंपात डोक्यालाही मार..."

"दाजी, पुरे झालं." मामा बोलला. लग्नाला म्हणून इतक्या वर्षांनी आलेला मामा खांबाला टेकून उभा होता. "भूकंपात माझी बायको गेली. अक्काचा पाय न्हाई गेला. आता तरी तिला सोडा."

बाबा मांडवातून बाहेर गेले आणि अक्षता पडेपर्यंत आले नाहीत. लग्न लागलं. सासूबाईंनी एका शब्दानं मोडायची भाषा केली नाही, पण जेवणाच्या पंगतीत आमच्या बाजूच्या काही पानांवर कुणी बसलं नाही, ते मी पाहिलं.

त्यानंतरचं सगळं गोड झालं असं नाही. या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात येतात म्हणून तपासायला रक्त रात्री घेतात, तसं घेतलं. बहिणीच्या रक्तात जंतू निघाले. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जंतू मरतील, आलेली सूज सगळी जाईल याची खात्री नाही, पण रोज साबणानं धुतला, कोरडा केला, उंचावर ठेवला तर वाढणार नाही. मी विचारलं, हिला हे आईकडून आलं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, डास कुणाकुणाला चावून आला ते कुणाला माहीत. हे उत्तर आईनं कधी मानलं नाही. बातमी लातुरात आमच्या आधी पोचली होती. वरच्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि मेस बंद पडली. बहिणीला डॉक्टर व्हायचं होतं, परीक्षेत मार्क पडले नाहीत. सारा क्लास तिच्या पायाकडं बघत होता, त्यात तिनं काय अभ्यास करायचा? ती आईशी वर्षभर बोलली नाही. "मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तरी चाललं असतं," असं एकदा ती किंचाळून म्हणाली. आई म्हणाली, "बाजूला सांगितलं असतं, तर तुझ्या बाबानी ते बाजूलाच ठेवलं असतं."

आईला उशीरच झाला होता. तिचा पाय आता रोज धुतला जायचा, पण कातडी इतकी फाटलेली होती की ताप येतच राहिला. एका उन्हाळ्यात तो उतरलाच नाही. पायातून विष रक्तात भिनलं आणि लातूरच्या सरकारी दवाखान्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत बहीण तिच्याजवळ होती. पाय तीच धुवायची. दोघी काय बोलल्या ते बहिणीनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

सुतकाच्या दिवसांत भेटायला माणसं येत होती. बाबा अंगणात खुर्चीवर बसायचे. आता ते थकले होते, आवाज कापत होता, पण गोष्ट तीच. "भूकंपाची जखम," ते आलेल्याला सांगायचे, "इतकी वर्षं झुंजली, शेवटी भूकंपानंच नेली." आणि दगड, आणि तुळई, आणि तान्हं मूल. लोक हळहळायचे. मला संताप यायचा, पण मयताच्या घरात म्हाताऱ्या माणसाशी काय भांडायचं म्हणून मी गप्प राहायचो.

एक दिवस औशाकडचे काही लोक आले होते. बहीण आता औशाच्या शाळेत शिकवते, त्यामुळं त्यातल्या काहींची पोरं तिच्या वर्गात आहेत. बाबांची गोष्ट तुळईपर्यंत आली होती. बहीण आतून आईची पाय धुवायची परात घेऊन बाहेर आली. अंगणातल्या नळाखाली तिनं ती भरली, पायरीवर बसली, सलवार पोटरीपर्यंत सरकवली आणि डावा पाय परातीत ठेवला. रोज याच वेळी ती पाय धुते. पण रोज ती मोरीत धुते, दार लावून.

आलेल्यांतल्या एक बाई तिच्याजवळ गेल्या. काळजीनंच विचारलं, "काय झालं गं पायाला?"

बाबा बोलायचे थांबले.

"हत्तीपाय," बहीण म्हणाली. "आईला होता तोच. तिनं माझा वेळेवर ओळखला." मग तिनं साबण लावला, बोटांच्या बेचक्या एकेक करून धुतल्या आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "दादा, टॉवेल दे."

मी टॉवेल दिला. तिनं पाय पुसला, बोटांच्या मधली जागा कोरडी केली आणि परातीतलं पाणी नालीत ओतून आली. बाबांनी त्या दिवशी पुढची गोष्ट सांगितली नाही.